दिवसाची आई

माझ्या हातच्या खिचडीत त्यांनी थर्मामीटर खुपसला, तो दिवस मला लख्ख आठवतो. ऑगस्ट २०१४. मुलगा तेरा महिन्यांचा. जर्मनीत, आखनमधल्या बुर्टशाइड भागात, चर्चच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावरचं त्यांचं घर. पहाटे साडेपाचला उठून मी मऊ मुगाची खिचडी केली होती. वरून तुपाची धार सोडली, स्टीलच्या डब्यात भरली, डबा नॅपकिनमध्ये गुंडाळला. आठ वाजता मुलगा आणि डबा दोन्ही त्यांच्या हाती दिले. त्यांनी मुलाला आधी कडेवर घेतलं, मग डबा ओट्यावर ठेवून उघडला, खणातून सुईसारखा लांब थर्मामीटर काढला, पुसला आणि खिचडीच्या मधोमध घातला.

आकडा स्थिर होईपर्यंत त्या थांबल्या. मग मला दाखवला. ४८.

"मुलं साडेअकराला जेवतात," त्या म्हणाल्या. "तोवर हे कोमटच राहील. साडेतीन तास कोमट. तुम्ही उद्यापासून रात्री करून लगेच गार करा आणि फ्रिजमधून आणा. नाहीतर डाळ-तांदूळ आणून द्या, कसं शिजवायचं ते दाखवा, मी इथे शिजवते." डबा त्यांनी टाकून दिला नाही. खिचडी एका पसरट थाळीत काढली, थाळी गार पाण्यात ठेवली, आणि मी निघेपर्यंत ती फ्रिजमध्ये गेलीसुद्धा.

बसस्टॉपवर उभी असताना माझे डोळे भरून आले होते. मुलाला पहिल्यांदा पूर्ण दिवस सोडून निघाले होते, हे एक कारण. पण खरं दुखणं वेगळंच होतं. आमच्याकडे अन्नाला नाव ठेवत नाहीत. कुणी वाढलेलं ताट हुंगून पाहिलं तर तो वाढणाऱ्या बाईचा अपमान. आणि इथे एका परक्या बाईने, माझ्यासमोर, मी माझ्या लेकरासाठी केलेल्या घासाची तपासणी केली होती.

त्या बाईंच्या ऋणाबद्दल लिहायचं बरीच वर्षं मनात आहे. त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही. मुलगा त्यांना ओमी म्हणायचा, ऱ्हाइनकडची मुलं आजीला म्हणतात तसं. मीही तेच नाव वापरते.

जर्मनीत घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईला टागेसमुटर म्हणतात. शब्दाचा अर्थ सरळ आहे, दिवसाची आई. आपल्याकडे कुणी चार मुलं घरात घेऊन पाळणाघर सुरू करते तसंच हे, पण त्यामागे कायदा आहे. आठवड्याला पंधरा तासांपेक्षा जास्त, तीन महिन्यांहून अधिक काळ, पैसे घेऊन, आपल्या घरी दुसऱ्याचं मूल सांभाळायचं असेल तर बालकल्याण कार्यालयाचा परवाना लागतो. तो पाच वर्षांसाठी मिळतो आणि एका वेळी जास्तीत जास्त पाच मुलं ठेवता येतात. १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात किंवा टागेसमुटरकडे जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आला. त्याच आधारावर आम्हाला ओमी मिळाल्या. नवरा विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत, मी भाषेच्या वर्गात. घरचं मायेचं माणूस सात हजार किलोमीटरवर.

पहिले काही दिवस आईने किंवा वडिलांनी मुलासोबत बसायचं, मग दहा मिनिटं बाहेर जायचं, मग अर्धा तास, अशी तिथली रुळवण्याची पद्धत असते. त्या दिवसांत मी ओमींचं स्वयंपाकघर कोपऱ्यात बसून पाहिलं. सकाळी पहिलं मूल येण्याआधी त्या फ्रिज उघडायच्या. मधल्या कप्प्यात पाण्याने अर्धा भरलेला पेला आणि त्यात उभा केलेला दुसरा, काचेचा थर्मामीटर. आकडा वाचायचा, दार लावायचं, भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या वहीत लिहायचा. तारीख, अंश, सही. सगळं मिळून वीस सेकंद. सही कशाला, मी एकदा विचारलं. वही तुमची, फ्रिज तुमचा, घरात तुम्ही एकट्या. त्या म्हणाल्या, "सही केली की मी खरंच पाहिलं असतं."

पाण्याचा पेला का, हेही विचारलं. दार उघडलं की आतली हवा क्षणात गरम होते, पण दूध-दही एवढ्या लवकर तापत नाही. पाण्यातला थर्मामीटर दुधाचं तापमान सांगतो, हवेचं नाही. आणि वाचायचा तो सकाळी, रात्रभर दार बंद राहिल्यावर. साध्या फ्रिजमध्ये सगळ्यात गार जागा भाजीच्या खणाच्या लगेच वरची काच, आणि सगळ्यात गरम जागा दार. ज्या दारात आपण सगळे दूध ठेवतो, तेच दार.

घरी येऊन मी माझ्या फ्रिजकडे पाहिलं. आतल्या चकतीवर १ ते ७ आकडे होते आणि मी ती गेली तीन वर्षं अभिमानाने २ वर ठेवली होती. मला वाटायचं, ते अंश आहेत. ते अंश नव्हतेच. तो आतल्या यंत्राचा जोर होता आणि आकडा जितका लहान तितकं गार कमी. दुसऱ्या दिवशी ओमींचा थर्मामीटर मागून आणला. ११ अंश! माझं मूल ज्या फ्रिजमधलं दूध प्यायलं तो फ्रिज ११ अंशांवर होता आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. इथल्या तज्ज्ञांचा सल्ला असा की ७ च्या वर जाऊ देऊ नये, ५ च्या आत असेल तर उत्तम. मुलाला काही झालं नव्हतं, हे नशीब. त्या नशिबावर पुन्हा भिस्त ठेवायची नाही असं मी त्या संध्याकाळी ठरवलं आणि चकती फिरवली.

११ नोव्हेंबरला इथे संत मार्टिनचा सण असतो. संध्याकाळी मुलं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत गल्लीतून फिरतात. त्या वर्षी माझ्या मुलाचा कंदील ओमींनीच करून दिला होता. थंडीत चालता चालता त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, आता आपण एकमेकींना 'तू' म्हणू या. जर्मनमध्ये हे वयाने मोठ्या माणसाने सुचवायचं असतं आणि ते सहज सुचवलं जात नाही. म्हणून इथून पुढे मीही तिला 'ती'च म्हणते.

ओमी आधी एका कॅन्टीनमध्ये स्वयंपाकीण होती. त्या काळात अन्नाला हात लावणाऱ्या माणसाला आरोग्य खात्याकडून तपासणी करून दाखला घ्यावा लागे, शौचाची तपासणीसुद्धा. १ जानेवारी २००१ पासून संसर्ग प्रतिबंधाचा नवा कायदा आला, तपासणी गेली आणि तिच्या जागी शिकवणी आली: जुलाब होत असतील, हाताला पिकलेली जखम असेल तर स्वयंपाकाला हात लावू नका, आणि तसं झालं तर सांगा. ओमीला हा बदल पटला होता. दाखला एका दिवसाचा असतो, माणूस रोज कामावर येतो, असं तिचं म्हणणं.

२०१२ च्या सुमारास जर्मनीत मोठा वाद झाला होता. युरोपीय संघाचा २००४ चा ८५२ क्रमांकाचा अन्नस्वच्छतेचा नियम २००६ पासून लागू आहे. चार मुलांना दुपारी बटाटे उकडून घालणारी टागेसमुटरही त्या नियमाप्रमाणे अन्नाचा व्यवसाय करणारी ठरते का? मग तिनेही हॉटेलासारख्या नोंदी ठेवायच्या का? पुष्कळ बायका संतापल्या, आणि त्यांचा राग मला समजतो. घराला घरपण असतं म्हणून तर आईबाप मुलाला तिथे ठेवतात. घरात फाइली आल्या की ते घरपण जातं की काय, ही भीती खोटी नव्हे. ओमी मात्र त्या वादात फारशी पडली नाही. तिची वही त्याआधीपासूनच खिळ्याला होती. तिला कुणी सांगितलं म्हणून ती लिहीत नव्हती.

त्या वादाच्या आधीच्या वर्षाचा उन्हाळा आम्हा दोघींना वेगवेगळा आठवत होता. मी मार्च २०११ मध्ये आखनला आले आणि मे महिन्यात उत्तर जर्मनीत लोक पटापट आजारी पडू लागले. रक्ताचे जुलाब, मग मूत्रपिंडं निकामी. आधी संशय स्पेनच्या काकड्यांवर आला, टोमॅटो आणि सॅलडही नको म्हणाले. मी नवखी; काकडीची कोशिंबीर बंद केली आणि समाधान मानलं की आपल्याकडे मोड आलेली कडधान्यं तर आहेत. जूनमध्ये कळलं की मूळ मोडांतच आहे. इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांना मोड आणून ते कच्चे खाल्ले गेले होते. सुमारे ३,८०० माणसं आजारी पडली, ५३ मेली. मी वर्तमानपत्रातला जर्मन शब्द कोशात पाहिला आणि समोर मराठी उभी राहिली: मेथी. माझ्या खिडकीत त्या दिवशीही फडक्यात बांधलेली मेथी होती, ओलसर, उबदार. बीला कोंब फुटायला जे लागतं तेच जंतूंना लागतं, हे मला कोणत्याही पाकपुस्तकाने सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांनी मी ओमीकडे मटकीची उसळ नेली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "हे शिजलंय ना? आतपर्यंत?" तोवर मला त्या प्रश्नाचा राग येईनासा झाला होता. तिच्या सुईने उसळीत ८२ दाखवले आणि मग पाचही मुलांनी मटकी खाल्ली. गाभ्यात ७० अंश दोन मिनिटं, हा तिचा मापदंड. बुर्टशाइडच्या जमिनीतून पाणी सत्तरच्या वर तापलेलं निघतं, ती ते उदाहरण द्यायची: "आपल्या पायाखाली आहे तेवढं गरम." मला आमची आरवली, तुरळ, राजवाडीची कुंडं आठवायची. चिपळूणहून दक्षिणेला जाताना रस्त्यालगतच्या त्या कुंडांत आई पाय सोडून बसायची.

आता आईबद्दल.

मी चिपळूणची. घर बाजारपुलाकडे. १९८५ च्या सुमारास आईने घरी पाळणाघर सुरू केलं. बँकेत, शाळेत, पोस्टात नोकरी करणाऱ्या बायकांची पाच-सहा मुलं असायची. तेव्हा घरात फ्रिज नव्हता. जाळीचं कपाट होतं, शिंकाळं होतं, आणि आईचं नाक होतं. दूध दिवसातून दोनदा तापवायचं, आमटी सकाळ-संध्याकाळ उकळायची, नारळाचं काही असेल तर दुपारच्या आत संपवायचं. भाताला तार आली का पाहायचं. आंबूस, विटका, खवट, कुबट, या प्रत्येक वासाला आईकडे वेगळा शब्द होता आणि तिचं नाक कधी चुकत नसे. मुलांचे डबे आले की ती प्रत्येक डबा उघडून वास घ्यायची. तिलाही, म्हणजे, डबा तपासायची सवय होती. बसस्टॉपवर रडताना मला ते आठवलं नाही, याचं आज वाईट वाटतं.

मे १९८९. मी नऊ वर्षांची. आदल्या रात्रीचा भात बराच उरला होता. आईने सकाळी वास घेतला, चव पाहिली. भात छान मोकळा होता. फोडणीचा भात केला, कढीपत्ता, शेंगदाणे, हळद. मुलांचा आवडता. दुपारी एकच्या सुमारास सगळ्यांनी खाल्ला. तीन वाजता चार वर्षांचा एक मुलगा ओकायला लागला. थांबेचना. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं, सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी दुपारी तो बरा होऊन बसला. पण त्याची आई दाराशी येऊन आईला जे बोलली, ते आईने नंतर कुणाला सांगितलं नाही. मुलगा पुन्हा आला नाही. पाठोपाठ आणखी दोघं गेली. आईने त्या दिवाळीला पाळणाघराच्या साठवलेल्या पैशांतून १६५ लिटरचा फ्रिज घेतला आणि शिळा भात आमच्या घरात पुन्हा कधी झाला नाही. कुणी फोडणीचा भात म्हटलं की ती उठून आत जायची.

२०१५ च्या जूनमध्ये आई आखनला आली. दोन महिने राहिली. रोज सकाळी मुलाला सोडायला माझ्याबरोबर यायची, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून घरी परत यायलाच तयार होईना. ओमी आणि ती. एकीला मराठीच येतं, दुसरीला जर्मन. दोघी ओट्याशी उभ्या राहून गाजरं सोलायच्या. आईने न सांगता दूध तापायला ठेवलं तेव्हा ओमीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आयफेल डोंगरातल्या शेतावरून ओमी कधीकधी निरसं दूध आणायची. इथे त्या दुधाबरोबर उकळून घ्या अशी सूचना द्यावीच लागते, आणि मुलांसाठी तर ती ते उकळल्याशिवाय वापरायचीच नाही.

एका सकाळी आईने ती वही हातात घेतली. आकडे तिला वाचता येत होते. ४, ४, ५, ४, ६, त्या सहापुढे काहीतरी लिहिलेलं. काय लिहिलंय, तिने मला विचारलं. दार नीट लागलं नव्हतं, दूध टाकलं, असं लिहिलं होतं. आई बराच वेळ पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "तिला विचार, भाताने मूल ओकतं का?"

मी चकित झाले. सव्वीस वर्षांत आईने तो विषय स्वतःहून काढला नव्हता. मी ओमीला सगळं सांगितलं. ओमी खुर्ची ओढून आईसमोर बसली आणि तिने एकच प्रश्न विचारला.

"भात किती तास बाहेर होता?"

आई गप्प झाली. नंतर ती मला म्हणाली की तिला तेव्हा सगळ्यांनी विचारलं होतं, काय घातलंस, तेल कुठलं, हात धुतले होतेस का. किती तास, हे कुणी विचारलं नव्हतं. तिने बोटांवर मोजलं. रात्री दहाला जेवणं झाली, दुपारी एकला मुलं जेवली. पंधरा तास. मे महिना, कोकण.

ओमीने सावकाश सांगितलं आणि मी वाक्यावाक्याला मराठी करत गेले. तांदळात एक जंतू असतो, बॅसिलस सिरीयस. त्याचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष पुन्हा कितीही परतलं, तापवलं तरी मोडत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांच्या आत ओकाऱ्या होतात आणि बहुतेकांना एका दिवसात बरं वाटतं. लहान मुलाला जास्त त्रास होऊ शकतो.

"आणि वास?" आईने विचारलं.

"येत नाही."

"चव?"

"बदलत नाही."

"म्हणजे मला कळलंच नसतं."

"नाकाने कळलं नसतं," ओमी म्हणाली. "घड्याळाने कळलं असतं. पण तुला घड्याळाचं कुणी सांगितलं नव्हतं."

ओमीने 'तुझी चूक नव्हती' असं म्हटलं नाही. पंधरा तास फार होतात, हेही तिने स्पष्ट सांगितलं. तो भातच होता हे आज कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण आईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे दिसलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं ती स्वतःच्या नाकाला दोष देत आली होती. आपण निष्काळजी, आपल्याला वास आला नाही, आपल्या हातून दुसऱ्याचं लेकरू... आणि आता कुणीतरी तिला सांगत होतं की जे वासाला येतच नाही ते तू शोधत होतीस. त्या दुपारी ओमीने तिला भात कसा ठेवायचा ते दाखवलं. शिजला की परातीत पातळ पसरायचा, परात गार पाण्यावर ठेवायची, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये कोंबलं तर मधला भात तासन्‌तास कोमट राहतो आणि शेजारचं दूधही तापतं. आईने परातीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "एवढंच?" मी भाषांतर केलं. "एवढंच," ओमी म्हणाली. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी, सव्वीस वर्षांनी, आईने फोडणीचा भात केला. पहिला घास तिने खाल्ला.

परतताना ओमीने आईला फ्रिजचा एक थर्मामीटर दिला. बर्फाच्या पाण्यात बुडवून तो बरोबर शून्य दाखवतो का, हे दर महिन्याला कसं तपासायचं तेही शिकवलं. आईने तो साडीच्या घडीत गुंडाळून चिपळूणला नेला.

मग २०२१. १४ जुलैच्या रात्री आखनच्या आसपास ढगफुटीसारखा पाऊस झाला. इंडे नदी आखनच्याच कोर्नेलीम्युन्स्टर भागात घुसली, फिख्ट नदीने श्टोलबेर्ग उद्ध्वस्त केलं, एश्वायलर बुडालं. आमचं बुर्टशाइड वाचलं. शनिवारी ओमी मला फोन करून म्हणाली, फावडी आहेत का. कोर्नेलीम्युन्स्टरमधल्या तिच्या ओळखीच्या एका टागेसमुटरचं घर गुडघाभर चिखलात होतं. आम्ही तिथे स्वयंपाकघर उपसलं. फ्रिज आडवा पडलेला, वीज तीन दिवस नव्हती. घरातली बाई एकेक बाटली पुसून ठेवू लागली. तिच्या आईने केलेले मुरंबे होते, घट्ट झाकणाचे. ओमीने त्या तिच्या हातातून काढून घेतल्या. झाकणाच्या आट्यांत पुराचं पाणी शिरतं, ते धुऊन निघत नाही. न पिचलेले पत्र्याचे डबे तेवढे धुऊन ठेवता येतील. ती बाई रडायला लागली. मुरंब्यांपेक्षा ते तिच्या आईचे होते म्हणून. ओमीने तिला जवळ घेतलं आणि बाटल्या तरीही पिशवीत टाकल्या. फ्रिज वायरमनने पाहिल्याशिवाय लावायचा नाही, असं दारावर मोठ्या अक्षरांत लिहून आम्ही निघालो. हाताला चिखलाचा वास दोन दिवस होता.

आठवड्याभराने, २२ जुलैला, वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं.

दोन दिवस फोन लागला नाही. बातम्यांमध्ये बसस्टँड पाण्याखाली दिसत होता. दादाने आईला शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर नेलं होतं, एवढाच एक निरोप आला होता. शनिवारी संध्याकाळी एकदाचा आईचा आवाज ऐकू आला. मी कोर्नेलीम्युन्स्टरमध्ये जे पाहिलं ते सांगायला तोंड उघडलं, त्याआधी तीच म्हणाली, "ओमीला सांग, सगळं टाकलं. फ्रिजमधलं सगळं. तांदळाची कोठी टाकली. लोणच्याच्या बरण्यासुद्धा टाकल्या, दादरा बांधलेल्या होत्या तरी. वहिनी नको नको म्हणत होती, तिला म्हटलं, आटीत पाणी जातं." आईने हे कुणाकडून ऐकलं होतं, मला माहीत नाही. कदाचित कुणाकडून नाही. थर्मामीटर वाहून गेला होता. त्याची हळहळ तिला फ्रिजपेक्षा जास्त.

ओमीने जुलै २०२२ मध्ये काम थांबवलं. त्याच वर्षी नियम बदलला होता. या राज्यात नव्याने टागेसमुटर होणाऱ्यांना आता ३०० तासांचं प्रशिक्षण लागतं. मी ते केलं. बालविकास, पहिले उपचार, करार, आणि हो, अन्नस्वच्छता. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हे शिकवलं तेव्हा मी वहीत खाली मान घालून लिहीत राहिले. मुलगा झाला तेव्हा आईने फोनवर मधाचं बोट लावायला सांगितलं होतं आणि प्रसूतीनंतर घरी येणाऱ्या दाईने मला वेळेवर थांबवलं होतं. त्या दाईचंही ऋण आहे, पण ती पुन्हा भेटली नाही.

परवान्यासाठी कार्यालयातल्या बाई घर पाहायला आल्या, जिने, औषधांचं कपाट, धुराचे गजर बघून गेल्या. त्यांनी फ्रिज उघडला तेव्हा पेला आत होता. ओमीने तिचा काचेचा थर्मामीटर आणि एक कोरी वही मला आधीच आणून दिली होती. ऑगस्ट २०२३ पासून माझ्याकडे पाच मुलं येतात. एक सीरियाचं आहे, एक इथलंच आखनचं, एका मुलीची आई नाशिकची आहे. ती पहिल्या दिवशी डबा घेऊन आली, साबुदाण्याची खीर, अजून ऊन. मी थर्मामीटर काढताना तिचे डोळे पाहिले, आणि आधी तिला खुर्ची दिली, चहा दिला. मग डबा उघडला.

ओमी आता मोन्शाऊला बहिणीकडे राहते. दर रविवारी सकाळी फोन करते आणि 'कशी आहेस' च्या आधी विचारते, "किती?"

"चार."

"आणि चिपळूण?"

आई तिच्या नव्या फ्रिजचा आकडा मला रोज सकाळी पाठवते. परवा सहा होता, रात्री चार तास वीज नव्हती. मी ते सांगितलं. ओमी थोडा वेळ थांबली.

"दूध तापवून आजच संपवायला सांग," ती म्हणाली. "आणि दार उघडू नको म्हणावं, वीज स्थिर होईपर्यंत."